ईएसआयसी कार्डाचा रिव्ह्यू: ॲडमिट झालात तर उत्तम, रात्री अकराला मात्र कॅज्युअल्टीच

पगार 21,000 च्या आत असेल तर स्लिपवर ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नावाची एक कपात असते, बहुतेक जण ती बघतात, जरा कुरकुरतात आणि सोडून देतात. मी हाउसकीपिंगच्या कंत्राटी कामात सुपरवायझर आहे, साइट अंधेरी ईस्टला, माझ्याकडची झाडून सगळी माणसं या कार्डावर आहेत, पगार वाढेपर्यंत मी पण होते, कार्ड काढणं, आधार जोडणं, घरच्यांची नावं टाकणं, चिठ्ठी घेऊन कुणाला कुठे पाठवायचं हे सगळं माझ्याकडेच येतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू. स्टार विचाराल तर पाचपैकी साडेतीन. मोठं आजारपण आलं, ॲडमिट व्हायची वेळ आली तर पाच. साध्या तापाखोकल्याला दोन. आणि रात्री अकरा वाजता पोरगं धापा टाकायला लागलं तर हे कार्ड काय करतं, ते खाली सविस्तर लिहिते कारण आमच्या लोकांना खरी भीती त्याचीच असते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. 15,000 पगार धरा, तर तुमचे 0.75 टक्के म्हणजे 113 रुपये जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. जुलै 2019 च्या आधी हेच दर 1.75 आणि 4.75 होते, म्हणजे आपला वाटा आता निम्म्याहून कमी झालाय, मालकाचाही कमी झालाय. एवढ्या पैशात नवराबायको, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील, सगळे आत. मेडिकल टेस्ट नाही, आधीपासून शुगर आहे बीपी आहे तर दोन-तीन वर्षं थांबा ही भानगड नाही, आणि उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादाच नाही, लाख लागोत नाहीतर दहा लाख. सुपरस्पेशालिटीला काही महिन्यांच्या वर्गणीची अट आहे, ती तेवढी लक्षात ठेवा. आजारपणात घरी बसलात तर पगाराच्या 70 टक्के पैसे वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतात, त्यालाही वर्गणीची अट आहे. आमच्या पॅन्ट्रीतल्या एका दादाच्या बायकोचं डायलिसिस याच कार्डावर चालू आहे, आणि तो मला सरळ म्हणाला, ताई हे नसतं तर मी गावची जमीन विकली असती. बाजारात अशी पॉलिसी मिळत नाही, मी स्वतः चौकशी केलीये, एवढ्या पैशात कुणी दारात उभं करत नाही.

आता हे चालतं कसं ते समजून घ्या, कारण तिथेच सगळी गंमत नाही तर अडचण आहे. कार्डाला तुमचा एक दवाखाना किंवा एक पॅनल डॉक्टर जोडलेला असतो. आपल्याकडे महाराष्ट्रात पॅनल डॉक्टरची पद्धत जुनी आहे, तो आपल्याच वस्तीतला खाजगी डॉक्टर असतो आणि त्याला तुम्ही कितीदा गेलात यावर पैसे मिळत नाहीत, त्याच्या नावावर किती कार्डं आहेत यावर मिळतात. आधी त्याच्याकडे जायचं, त्याला वाटलं तर तो चिठ्ठी देणार, मग ईएसआय हॉस्पिटल, म्हणजे परळचं महात्मा गांधी, वरळी, मुलुंड, कांदिवली, मरोळ यातलं जे तुमच्या बाजूला येतं ते, आणि तिथे सोय नसेल तर ते तुम्हाला टाय-अप असलेल्या खाजगी हॉस्पिटलला पाठवणार. कागदावर बघितलं तर पद्धत एकदम शहाणपणाची आहे. प्रत्येक जण डोकं दुखलं म्हणून थेट न्यूरोसर्जनकडे गेला तर कुणालाच काही मिळणार नाही.

पण ही पद्धत घड्याळावर चालते आणि आमची माणसं शिफ्टवर. सकाळी सातची शिफ्ट असेल तर बाई साडेपाचला घरातून निघते, नालासोपारा दिवा असल्या लांबून येणारी त्याच्याही आधी, आणि घरी पोहोचते तेव्हा दवाखान्याची वेळ संपत आलेली असते किंवा संपलेली असते. मधल्या वेळात जायचं म्हणजे खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, वर हजेरीचा बोनस असेल तर तोही गेला. म्हणजे ज्या दवाखान्यात एक रुपया लागत नाही तिथे जाण्याची खरी किंमत पाचशे-सहाशे रुपये पडते. हे जोपर्यंत लक्षात येत नाही तोपर्यंत लोक औषध का घेत नाहीत, शुगर का तपासत नाहीत, आणि मग रात्री महापालिकेच्या सायन नाहीतर कूपर हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत का उभे राहतात हे कळणारच नाही. तिथे दहा रुपयांचा केसपेपर, कधीही जा, दार बंद नाही, पगार कापला जात नाही कारण तुम्ही रात्रीच गेलात. थांबावं लागतं, बसायला बाकडं मिळत नाही, सिस्टर चिडलेल्या असतात आणि चिडणारच, एका बाजूला ट्रेनमधून पडलेला माणूस आणलाय आणि दुसऱ्या बाजूला आपण चार दिवसांचा खोकला घेऊन उभे. पण काम होतं.

आमच्याकडे एक ताई आहे, तिच्या मुलाला दमा. पावसाळा सुरू झाला, खोलीला ओल आली की त्याचा त्रास वाढतो. पंप (इनहेलर) रोज घ्यायचा असतो, बरं वाटत असलं तरी घ्यायचा असतो, हे तिला कुणी शांतपणे बसून सांगितलंच नव्हतं, आणि पंप संपला की नवीन आणायला दिवसा जायला लागतं, म्हणजे परत खाडा, म्हणून तो संपलेलाच राहायचा. मग रात्री पोराची छाती आत ओढायला लागली की रिक्षा करायची, म्युनिसिपल हॉस्पिटल गाठायचं, वाफ द्यायची, पहाटे घरी, आणि ती तशीच न झोपता कामाला. बऱ्याचदा असं झालं. ती बेफिकीर आई अजिबात नाही, उलट पोराला घेऊन प्रत्येक वेळी धावली. मला राग येतो तो लोक तिला ऐकवतात त्याचा, की कॅज्युअल्टी तुमच्यासारख्यांनी भरून टाकलीये. तिच्याकडे कार्ड होतं, डॉक्टर होता, औषध फुकट होतं, फक्त या तिन्ही गोष्टी ती मोकळी असते त्या वेळेत उघड्या नव्हत्या.

आमच्या एचआर मॅडमनी एकदा ग्रुप पॉलिसीच्या मीटिंगमध्ये अमेरिकेचा विषय काढला, तेव्हापासून मी जमेल तसं शोधून वाचतेय, आणि वाचून थक्क झाले कारण तिकडे हेच भांडण कित्येक वर्षं चालू आहे. तिकडे गरिबांसाठी मेडिकेड नावाचा सरकारी विमा आहे, 1965 पासून. आता त्यातले साधारण तीन चतुर्थांश लोक सरकार थेट सांभाळत नाही, खाजगी कंपन्यांच्या प्लॅनमध्ये टाकते आणि कंपनीला डोक्यामागे महिन्याला ठरलेली रक्कम देते. त्याला मॅनेज्ड केअर म्हणतात. ठरलेला डॉक्टर, ठरलेली हॉस्पिटलं, वर जायचं तर परवानगी. ओळखीचं वाटलं ना? हिशोब असा की रोजचा डॉक्टर मिळाला की लोक इमर्जन्सीत कमी जातील आणि पैसा वाचेल.

मग ओरेगॉन राज्यात 2008 ला एक प्रकार झाला. सरकारकडे पैसा थोडा आणि गरजू जास्त, म्हणून मेडिकेडमध्ये कुणाला घ्यायचं याची त्यांनी लॉटरी काढली, सुमारे 90,000 लोकांनी नावं दिली, कुणाला विमा लागला कुणाला नाही. अभ्यास करणाऱ्यांना आयतीच तुलना मिळाली, दोन्हीकडची माणसं सारखीच, फरक फक्त लॉटरीचा. 2014 च्या जानेवारीत निकाल छापून आला तो असा की पोर्टलंड शहराच्या भागात ज्यांना विमा लागला ते इमर्जन्सीत साधारण 40 टक्के जास्त गेले. कमी नाही, जास्त! आणि वाढ कशात तर साध्या दवाखान्यात भागलं असतं अशा आजारांतसुद्धा. लोकांना वाटलं सुरुवातीची हौस असेल, ओसरेल, पण पुढच्या अभ्यासात दोन वर्षांनंतरही ती ओसरलेली दिसली नाही. ते डॉक्टरकडेही जास्त जायला लागले होते बरं का, म्हणजे विमा वाया गेला असं अजिबात नाही, पैशाच्या धाकाने घरी बसलेली माणसं बाहेर पडली. पण नुसतं कार्ड हातात दिलं की कॅज्युअल्टी रिकामी होते हे खोटं, एवढं नक्की झालं.

याच्या उलट, त्याच्याही आधी 1980 च्या दशकात काही राज्यांत मेडिकेडच्या लोकांना एकेक ठरलेला डॉक्टर नेमून दिला होता आणि तिथे इमर्जन्सीत जाणं खरंच कमी झालं होतं. आता तिथे डॉक्टर नेमून देण्याच्या पद्धतीला कायद्यात एक अट आहे जी मी दोनदा परत वाचली: वेळा पुरेशा असल्या पाहिजेत आणि आणीबाणीत माहिती, रेफरल, उपचार 24 तास मिळायला हवेत. म्हणजे नुसतं नाव जोडून चालत नाही, रात्री फोन उचलणारं कुणीतरी पाहिजे. आपल्या कार्डात हॉस्पिटलची कॅज्युअल्टी 24 तास आहे, पण ज्या डॉक्टरला तुमचा आजार माहीत आहे, तुमचं औषध माहीत आहे, त्याच्यापर्यंत रात्री पोचायचा रस्ता नाही. माझी पूर्ण ईएसआयसीबद्दलची तक्रार या एका ओळीत बसते. बाकी सगळं मी सहन करेन.

तिकडे वाईटही बरंच झालं ते पण सांगते, नाहीतर वाटेल मी अमेरिकेची आरती करतेय. हॉस्पिटलं गरिबाला दारातूनच दुसरीकडे ढकलायची, म्हणून 1986 मध्ये कायदा करावा लागला की इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तपासायचं आणि जीव धोक्यात असेल तर सावरायचं, विमा नंतर. मग विमा प्लॅन नंतर बिल नाकारायला लागले, छातीत दुखतंय म्हणून आला होता, निघाली ॲसिडिटी, मग ही इमर्जन्सी नव्हतीच. त्यावर 1997 मध्ये मेडिकेडच्या मॅनेज्ड केअरला नियम लागला की शेवटी निदान काय निघालं ते बघायचं नाही, त्या क्षणी साध्या समजदार माणसाला जिवाला धोका वाटला असता का ते बघायचं.

हा नियम मला इतका आवडला कारण आमच्याकडे नेमकं याच्या उलट घडलेलं मी पाहिलंय. ते ईएसआयसीत नाही, ग्रुप मेडिक्लेममध्ये. सिक्युरिटीतले एक काका, पगार 21,000 च्या वर गेल्यामुळे कार्डातून बाहेर आणि कंपनीच्या पॉलिसीत आत. संध्याकाळी छातीत दुखायला लागलं, डावा हात जड, घाम. जवळच्या एका खाजगी हॉस्पिटलला नेलं, आधी डिपॉझिट मागितलं, मग ईसीजी, रक्त, परत काही तासांनी रक्त, सलाईन, आणि रात्री उशिरा म्हणाले हार्टचं काही नाही, घरी जा. देवाची कृपा. पण बिल पूर्ण खिशातून, कारण पॉलिसीत 24 तास ॲडमिट असण्याची अट, आणि हे तर काही तासांतच घरी. काउंटरवरचा माणूस आम्हाला हळूच म्हणाला, रात्रभर ठेवून घेतलं असतं तर क्लेम झाला असता. विचार करा याचा. अशाने लोक काय शिकतात? एक तर पुढच्या वेळी छातीत दुखलं तरी घरी बसून राहायचं, नाहीतर गरज नसताना बेड अडवायचा. काका त्यानंतर कुणी विचारलं की म्हणतात मी आता ॲसिडिटीचं जेलुसिल घेतो. मला ते ऐकवत नाही. ईएसआयसीला मी जे जास्त स्टार देते त्यातला एक याच्यासाठी आहे, की तिथल्या कॅज्युअल्टीत गेलात, तपासलं आणि घरी सोडलं तरी तुम्हाला कुणी बिल हातात देत नाही, 24 तासांचा हिशोब नाही, आणि खरी इमर्जन्सी असेल तर चिठ्ठीशिवाय थेट जाता येतं. हे आमच्या अर्ध्या लोकांना माहीतच नसतं, ते रात्री चिठ्ठी कुठून आणू म्हणून रडत बसतात.

अडचण अंतराची आहे. गोवंडी-मानखुर्दच्या माणसाला मुलुंड काय आणि वाशी काय, रात्री पोरगं खांद्यावर घेऊन सारखंच लांब, त्यापेक्षा महापालिकेचं गोवंडीचं शताब्दी हॉस्पिटल पायाखाली आहे. मरोळच्या ईएसआय कामगार हॉस्पिटलला डिसेंबर 2018 मध्ये आग लागली, माणसं गेली, आणि त्यानंतर बरीच वर्षं तिथे ॲडमिशन बंद होतं. अंधेरी एमआयडीसी, सीप्झ, साकीनाका, एवढ्या कामगारांचा पट्टा आणि त्यांचं हॉस्पिटल बंद, तो भार कुठे गेला असेल? कूपरला आणि जोगेश्वरीच्या ट्रॉमा हॉस्पिटलला. कार्डावाल्यांचे पैसे एकीकडे जमा होतात आणि त्यांचा रात्रीचा भार महापालिका उचलते, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये ठळक लिहिलेलं मला सापडलं नाही, पण कॅज्युअल्टीच्या बाहेर तासभर उभं राहिलं की युनिफॉर्मवरूनच दिसतं.

महात्मा फुले या राज्य सरकारच्या आरोग्य योजनेबद्दल लोक विचारतात म्हणून थोडक्यात. 2012 ला राजीव गांधी नावाने सुरू झाली तेव्हा दीड लाखाचं कव्हर होतं, आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख आणि जुलै 2024 पासून रेशनकार्डाचा रंग कुठलाही चालतो. ठरलेल्या ऑपरेशन आणि उपचारांसाठी चांगली आहे, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनीसाचं) टेबल असतं तिथे आधी जा, रात्री-अपरात्री इमर्जन्सी असेल तर फोनवरून मंजुरी घेण्याची सोय त्यात आहे, हेल्पलाइन 155388. पण ओपीडी नाही. ताप, दमा, शुगरची गोळी यातलं काही नाही. म्हणजे आजार मोठा होईपर्यंत योजना तुमची वाट बघते.

आणि मला ज्याने खरा फरक पडलेला दिसला ती गोष्ट विमा नाहीच आहे. नोव्हेंबर 2022 पासून महापालिकेने 'आपला दवाखाना' नावाचे दवाखाने सुरू केले, पूर्ण नाव हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना, वस्तीत, काही पोर्टा केबिनमध्ये, डॉक्टर फुकट, औषध फुकट, रक्ताच्या तपासण्या फुकट, आणि बऱ्याच ठिकाणी संध्याकाळची पाळी रात्री दहापर्यंत. कार्ड दाखवायला लागत नाही. त्या दमेवाल्या ताईचं पोरगं आता तिच्या घराजवळच्या अशाच एका दवाखान्यात जातं, ती कामावरून आल्यावर जेवण लावते, मग त्याला घेऊन जाते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पंप कसा ओढायचा ते त्याच्याकडून करून घेतलं, आईला नाही, त्याला शिकवलं. यंदाच्या पावसाळ्यात रात्रीची धावपळ खूपच कमी झाली. पाण्यातून चालत गेलात की 72 तासांच्या आत लेप्टोची (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) गोळी घ्या म्हणून महापालिका दरवर्षी सांगते, ती घ्यायला आमची मुलं कधीच जायची नाहीत, आता रात्री जेवून झाल्यावर घेऊन येतात. सगळीकडे असंच आहे असं मी म्हणत नाही, कुठे डॉक्टर बदलत राहतात, कुठे औषध संपलेलं असतं. पण संध्याकाळी उघडं असणं एवढ्या एका गोष्टीने जे झालं ते पगारातून कापलेल्या पैशाने झालं नव्हतं. ईएसआयसीने प्रत्येक पॅनल डॉक्टरला आठवड्यातून काही दिवस तरी रात्री दहापर्यंत बसायला लावावं, त्याचे वेगळे पैसे द्यावेत, आणि रात्री फोनवर एक नर्स बसवावी जी कार्डाचा नंबर टाकून तुमचं औषध बघू शकेल. वर्गणी वाढवली तरी आमची माणसं देतील, मी विचारलंय त्यांना.

नवीन जॉइन होणाऱ्यांना मी जे सांगते ते इथेही सांगते. कार्ड निघालं की पहिल्याच आठवड्यात घरच्यांची नावं आणि दवाखाना बरोबर टाकलाय का बघा, बरेच कंत्राटदार ऑफिसच्या जवळचा दवाखाना टाकून मोकळे होतात आणि बायकापोरं राहतात विरारला. पॅनल डॉक्टरला बरं असताना एकदा जाऊन भेटा. जीव धोक्यात असेल तर कार्ड, योजना, चिठ्ठी काही बघू नका, 108 लावा किंवा सर्वात जवळचं हॉस्पिटल गाठा, खाजगी असलं तरी. सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलंय की सरकारी असो वा खाजगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, आणि 1996 मध्ये ट्रेनमधून पडलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यात एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी परत पाठवलं त्या केसमध्ये सरकारला भरपाई द्यायला लावली. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर मुंबई हायकोर्टाच्या 2006 च्या स्कीमप्रमाणे गरिबांसाठी 10 टक्के बेड फुकट आणि 10 टक्के सवलतीत ठेवावे लागतात आणि इमर्जन्सीत आधी दाखल करून घ्यावं लागतं, डिपॉझिटसाठी अडवलं तर तिथल्या सोशल वर्करला बोलवा असं ठामपणे म्हणा. खाजगीत जावं लागलं तर पैसे ईएसआयसीकडून सरकारी दराने परत मागता येतात, पूर्ण बिल नाही मिळत, पण त्यासाठी इमर्जन्सी होती असं हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून घ्या, मूळ बिलं, डिस्चार्ज पेपर, सगळे रिपोर्ट सांभाळा आणि दुसऱ्याच दिवशी कार्डाला जोडलेल्या दवाखान्याला कळवा. पेहचान कार्डाचा (हेच ते ईएसआयसीचं कार्ड) फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकून ठेवा, फक्त ज्याच्या नावावर आहे त्याच्या नको, कारण स्ट्रेचरवर तोच असू शकतो आणि त्याचा फोन लॉक असतो.